क्रूझवर उलट्या-जुलाबांची साथ आली तर? सुरत आणि सीमाभागातल्या प्रवाशांसाठी सविस्तर माहिती

सुरत (प्रतिनिधी) : समुद्रातली सहल आता फक्त श्रीमंतांची राहिलेली नाही. सुरतजवळच्या हजीरा येथून भावनगर जिल्ह्यातल्या घोघापर्यंत ८ नोव्हेंबर २०२० पासून रो-पॅक्स फेरी सुरू झाली आणि रस्त्याचे सुमारे ३७० किलोमीटरचे अंतर समुद्रमार्गे ९० किलोमीटरवर आले. ३१ मार्च २०२१ रोजी हजीरा-दीव या रात्रीच्या क्रूझचीही सुरुवात झाली. मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे जाणाऱ्या मोठ्या क्रूझचे पॅकेज उधना, लिंबायत, पांडेसऱ्यातली मराठी कुटुंबेही विचारू लागली आहेत. नंदुरबार, नवापूर, धुळ्याकडचे नातेवाईक सोबत घेऊन दहा-बारा जणांचा ग्रुप सहज होतो.

पण अशा सहलीत एक प्रश्न कोणी विचारत नाही. जहाजावर उलट्या-जुलाबांची साथ आली तर काय करायचे? समुद्रात गाडी थांबवून उतरता येत नाही आणि ओळखीचा डॉक्टरही हाताशी नसतो. हा आजार बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत बरा होतो. तो वाढतो तो मुख्यतः लपवल्यामुळे, आणि जिवावर बेततो तो अंगातले पाणी कमी झाल्यामुळे. या दोन गोष्टी सांभाळल्या तर घाबरण्याचे कारण नाही.

हा आजार नेमका कोणता?

जहाजावरच्या अशा साथींमागे बहुतेक वेळा नोरोव्हायरस असतो. १९६८ मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावी एका शाळेत मुले आणि शिक्षक एकाच वेळी आजारी पडले. १९७२ मध्ये त्या नमुन्यांत हा विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली दिसला आणि गावाच्या नावावरूनच पुढे त्याचे नाव पडले.

विषाणू पोटात गेल्यावर साधारण १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो. अचानक मळमळ, जोराच्या उलट्या, पाण्यासारखे जुलाब, पोटात कळा, अंगदुखी, कधी हलका ताप. एक ते तीन दिवसांत माणूस सावरतो. पण बरे वाटू लागल्यावरही विष्ठेतून विषाणू दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ बाहेर पडत राहू शकतो. संसर्गाला त्याचे शंभरापेक्षा कमी कणही पुरतात. म्हणूनच एका केबिनमधला आजार पूर्ण मजल्यावर जायला वेळ लागत नाही.

हा आजार फक्त जहाजाचा नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये केरळच्या वायनाड जिल्ह्यात पूकोडे येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांत नोरोव्हायरस सापडला होता. अमेरिकेत नोंद होणाऱ्या नोरोव्हायरसच्या एकूण साथींपैकी जहाजांवरच्या साथी फक्त एक टक्का आहेत. वसतिगृह, लग्नाची पंगत, वृद्धाश्रम, शाळा, जिथे माणसे एकत्र जेवतात आणि तेच नळ, तेच दरवाजे वापरतात तिथे तो पसरतो. जहाजाची बातमी होते, कारण तिथे रुग्ण मोजले जातात.

समुद्र लागला की विषाणू?

खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा जोर मोठा असतो. घोघा फेरीत कोणाला उलटी झाली म्हणून लगेच साथ समजू नका. बोट लागल्यावर चक्कर येते, मळमळते, उलटी होते, पण जुलाब होत नाहीत. बोट स्थिर झाली किंवा मोकळ्या हवेत क्षितिजाकडे पाहत बसले की बरे वाटते. उलटीबरोबर जुलाब, पोटात कळा किंवा ताप असेल, किंवा एकाच ग्रुपमधल्या दोघा-तिघांना एका दिवसात त्रास सुरू झाला, तर तो संसर्ग समजून वागावे.

दोन जहाजांचे अनुभव

जानेवारी २०१४ मध्ये ‘एक्सप्लोरर ऑफ द सीज’ हे जहाज अमेरिकेतून कॅरेबियन बेटांकडे निघाले होते. जहाजावरच्या ३,०७१ प्रवाशांपैकी ६३४ आणि १,१६६ कर्मचाऱ्यांपैकी ५५ जण आजारी पडले. कारण नोरोव्हायरस. सहल अर्धवट सोडून जहाज माघारी आणावे लागले. अमेरिकेत तीन टक्के प्रवाशांना किंवा कर्मचाऱ्यांना पोटाचा त्रास झाला की ती साथ सार्वजनिक यादीत येते. इथे प्रवाशांचे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले होते.

दुसरा अनुभव आपल्याकडचा, पण आजार वेगळा. जानेवारी २०२२ च्या सुरुवातीला मुंबईहून सुमारे दोन हजार जणांना घेऊन गोव्याला गेलेल्या कॉर्डेलिया क्रूझवर एक कर्मचारी कोरोना पॉझिटिव्ह निघाला. तपासणीत ६६ जण बाधित आढळले. प्रवाशांना मुरगावला उतरू दिले नाही, जहाज पुन्हा मुंबईला आले. नववर्षाच्या सहलीला निघालेली मंडळी गोवा डोळ्यासमोर असून जहाजातच बसून राहिली.

यामागे नियम आहे. कोणत्याही आंतरराष्ट्रीय जहाजाने बंदरात येण्याआधी जहाजावरच्या आजारांची माहिती बंदर आरोग्य अधिकाऱ्याला द्यायची असते. तो परवानगी देत नाही तोवर कोणी उतरू शकत नाही. देशांतर्गत सहलीतही साथ असेल तर प्रशासन जहाज रोखू शकते, हे गोव्यात दिसले. तेव्हा आरडाओरडा करून किंवा कर्मचाऱ्यांशी भांडून उपयोग नाही. त्यांच्या हातात ते नसते.

लोक आजार का लपवतात?

सरळ हिशोब आहे. माणशी हजारो रुपये भरलेले असतात. जेवण, नाच-गाणी, स्विमिंग पूल सगळे पॅकेजमध्ये. डॉक्टरला सांगितले तर केबिनमध्ये बसवतील, पैसे वाया जातील. मग माणूस एक गोळी घेतो आणि बुफेला जातो. त्याने धरलेला चमचा पुढचे पन्नास जण धरतात. स्वतःचे पैसे वसूल करण्याच्या नादात तो पूर्ण ग्रुपचे पैसे बुडवतो. त्यात स्वतःची आई, स्वतःचे मूलही असते.

सुरतकरांना साथीची भीती काय असते ते सांगायला नको. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या बातमीने काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. मिळेल त्या रेल्वेने, बसने लोक गावाकडे निघाले. नंतर १९९५ पासून महापालिका आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात स्वच्छतेची घडी बसली आणि सुरतचे नाव बदलले. शहर सावरले ते रोजच्या सफाईने आणि नियमाने. जहाजावर तर पळायला जागाच नाही. तिथे सांगणे, थांबणे आणि हात धुणे एवढेच उरते.

त्रास सुरू झाला की लगेच काय करायचे?

१. केबिनमधल्या फोनवरून जहाजाच्या दवाखान्याला कळवा. स्वतः चालत जाऊ नका, ते सांगतील तसे करा.

२. केबिनमध्येच थांबा. जेवण दारात मागवा. उलट्या-जुलाब थांबल्यानंतरही ४८ तास बुफे, पूल, मुलांच्या खेळण्याच्या जागा टाळा.

३. उलटी जमिनीवर किंवा गादीवर झाली तर टॉवेलने पुसत बसू नका. त्यातून उडणाऱ्या थेंबांतूनही लागण होते. कर्मचाऱ्यांना बोलवा. त्यांच्याकडे त्यासाठी क्लोरीनचे द्रावण असते.

४. संडासात पाणी सोडण्याआधी झाकण लावा.

५. साबणाने आणि वाहत्या पाण्याने किमान २० सेकंद हात धुवा. संडासाहून आल्यावर, जेवणाआधी, मुलाचे लंगोट बदलल्यावर. फक्त सॅनिटायझरवर विसंबू नका. कोरोनाने आपल्याला ती सवय लावली, पण नोरोव्हायरसवर अल्कोहोलचा प्रभाव कमी पडतो.

६. सोबतचा एकच निरोगी माणूस रुग्णाची सेवा करेल असे ठरवा. सगळ्यांनी केबिनमध्ये विचारपूस करायला जाऊ नये.

खरे औषध पाणीच

नोरोव्हायरस मारणारे औषध नाही. अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही, कारण हा जिवाणू नसून विषाणू आहे. बालकांना दिली जाणारी रोटाव्हायरसची लस दुसऱ्या विषाणूसाठी आहे, तिने नोरोव्हायरस थांबत नाही. जुलाब बंद करणारी गोळी मुलांना देऊ नका. ताप किंवा शौचात रक्त असेल तर मोठ्यांनीही डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये.

काम करते ती जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी वाटायला सुरुवात केली. तिथले मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३ टक्क्यांच्या आसपास आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. तेच पाकीट आज कोणत्याही मेडिकलमध्ये काही रुपयांत मिळते.

पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ते पूर्ण ओता. मोठे पाकीट बहुधा एक लिटरचे, छोटे २०० मिलिलिटरचे असते. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ अंदाजाने वाढवू नका. बाजारात ‘ओआरएस’ नावाखाली गोड पेयेही विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्या नावाच्या वापरावर बंदी घातली. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहूनच घ्या.

प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या बाळाला ५० ते १०० मिलिलिटर, त्यापुढे दहा वर्षांपर्यंत १०० ते २०० मिलिलिटर आणि मोठ्यांना जमेल तेवढे द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नका. भूक लागली की भाताची पेज, मऊ खिचडी, केळे चालते. कोल्ड्रिंक आणि पाकिटातला गोड ज्यूस नको, त्याने जुलाब वाढू शकतात.

डॉक्टरकडे लगेच कधी?

सहा ते आठ तास लघवी झाली नाही, तोंड कोरडे पडले, डोळे खोल गेले, बाळ रडताना अश्रू येत नाहीत, माणूस गुंगीत आहे, उठताना भोवळ येते, शौचात रक्त आहे, ताप १०२ च्या वर आहे किंवा घोटभर पाणीही पोटात टिकत नाही, तर वाट पाहू नका. वृद्ध, गरोदर बाई, लहान बाळ, मधुमेह, मूत्रपिंड किंवा हृदयाचे रुग्ण असतील तर पहिल्या दिवशीच दाखवा. बीपीच्या, लघवी वाढवणाऱ्या आणि काही शुगरच्या गोळ्या अंगातले पाणी कमी असताना त्रासदायक ठरू शकतात. त्या स्वतः बंद न करता डॉक्टरला विचारा.

निघण्याआधी बॅगेत आणि कागदात

माणशी चार-पाच ओआरएसची पाकिटे, साबणाची वडी, थर्मामीटर, नेहमीच्या गोळ्या दोन-तीन दिवस जास्तीच्या, आणि औषधांची चिठ्ठी. निघायच्या दोन दिवसांत घरात कोणाला जुलाब असतील तर एजंटला फोन करून तारीख बदलता येते का विचारा. त्या माणसाला जहाजावर नेणे म्हणजे साथ सोबत नेणे.

आता पैशाचे. जहाजावरचा दवाखाना सहसा फुकट नसतो, बिल तुमच्या खोलीच्या खात्यावर लागते. आपली नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी साधारणपणे रुग्णालयात दाखल झाल्यावर लागू होते, त्यामुळे जहाजावरची तपासणी तिच्यात बसेलच असे नाही. वेगळा प्रवास विमा घेताना तीन गोष्टी लेखी विचारा : जहाजावरचा उपचार धरला आहे का, केबिनमध्ये थांबवले तर भरपाई आहे का, सहल मध्येच रद्द झाली तर काय. आजारी पडल्यास जहाजाच्या डॉक्टरचा अहवाल, बिल आणि केबिनमध्ये थांबण्याची सूचना यांच्या प्रती घ्या. कागद नसेल तर दावा उभा राहत नाही.

घरी आल्यावर

सहलीहून थेट गावी लग्नाला किंवा पूजेला जायचे असते, तिथेच चूक होते. त्रास थांबून ४८ तास होईपर्यंत दुसऱ्यासाठी स्वयंपाक करू नका, पंगतीत वाढू नका, मुलांना शाळेत पाठवू नका. खराब कपडे वेगळे, गरम पाण्यात धुवा. संडास, नळ, कड्या ब्लीचने पुसा. घरगुती ५ टक्के ब्लीच असेल तर एक लिटर पाण्यात साधारण २० मिलिलिटर, उलटी झालेल्या जागी १०० मिलिलिटरपर्यंत. पाच मिनिटे राहू द्या, मग पुसा. ब्लीचमध्ये संडास साफ करायचे ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत आहे. एका बाकावर बसलेला माणूस सरकला तरी राज्य बदलते. विषाणूलाही ही हद्द कळत नाही. सहलीला जरूर जा, पण पोट बिघडले तर पहिल्या तासात सांगा.