छत्रपतींच्या नावाने

बारामतीत कऱ्हेच्या काठावर बाबूजी नाईकांचा वाडा आहे. वाडा म्हणायचा खरा, पण तट-बुरूज असलेली ती छोटी गढीच. मराठी वाचकाला बाबूजींचं नाव मोरोपंतांमुळे ठाऊक असतं. पन्हाळ्याचा हा पंडित कवी नाईकांच्या आश्रयाला बारामतीत आला आणि इथलाच झाला. आश्रयदात्याची ओळख बहुधा तिथेच संपते. पण १७४० साली हेच नाईक मराठी राज्याचे पेशवे व्हायच्या खटपटीत होते, आणि ती खटपट काही हवेतली नव्हती.

त्या वर्षी २८ एप्रिलला थोरले बाजीराव नर्मदाकाठी रावेरखेडीला वारले. मागे मोठं कर्ज राहिलं. सावकारांत बाबूजी नाईक होते, आणि नातंही जवळचं होतं, कारण त्यांचे बंधू आबाजी नाईक बाजीरावांच्या बहिणीचे, भिऊबाईंचे, यजमान. नागपूरकर रघूजी भोसल्यांना पेशव्यांचं घराणं डोईजड झालं होतं. कर्नाटकातली मोहीम अर्धवट टाकून ते साताऱ्याला आले आणि त्यांनी बाबूजींचं घोडं पुढे केलं. बाबूजींनी शाहू महाराजांना मोठा नजराणा देऊ केला, शिवाय बाजीरावांच्या मुलामागे, नानासाहेबांमागे, कर्जाचा तगादा लावला. महादोबा पुरंदरे पैसा घेऊन उभे राहिले, तेव्हा कुठे ती नड भागली. शेवटी महाराजांनी पेशवाईची वस्त्रं दिली ती एकोणीस वर्षांच्या नानासाहेबांना.

या प्रसंगात मला मोलाची वाटते ती एक गोष्ट. पैसा, नातं, फौज सगळं पणाला लागलं, तरी निकाल साताऱ्यात लागला आणि तो शाहू महाराजांनी स्वतः दिला. छत्रपतींचं नाव आणि छत्रपतींची इच्छा तेव्हा एकाच ठिकाणी होती. पुढच्या शंभर वर्षांत या दोन गोष्टींची फारकत झाली. नाव उरलं, ते ज्याच्या ताब्यात त्याच्या तोंडून बोलू लागलं, आणि त्या फटीतून परका आत आला.

फटीची सुरुवात शाहूंच्याच बाबतीत झाली होती. १७०७ मध्ये औरंगजेब गेल्यावर आझमशहाने शाहूंना सोडलं ते प्रेमापोटी नव्हे. मराठ्यांत दुफळी माजावी हा हिशेब होता, आणि त्यांच्या आई येसूबाईंना ओलीस ठेवून घेतलं होतं. इकडे शाहूंच्या चुलती ताराबाईंच्या बाजूने आवई उठली की हा शाहू खरा नव्हेच, मोगलांनी उभा केलेला तोतया आहे. परसोजी भोसले त्यांच्याबरोबर एका ताटात जेवले आणि शंका फिटली, असं सांगतात. ऑक्टोबरमध्ये भीमेकाठी खेडला लढाई झाली, ऐन वेळी धनाजी जाधव शाहूंकडे वळले, आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यात राज्याभिषेक झाला. शाहूंना सोडण्यात मोगलांचा डाव होता हे खरं, आणि शाहू खरे होते हेही खरं. एक खरं ठरलं म्हणून दुसरं खोटं होत नाही. ‘परकी हात’ म्हटलं की आपली गफलत नेमकी इथे होते.

पण राजाचा खरेपणा असा ताटावर किंवा दैवी खुणेवर ठरतो असं मानायची सवय फार जुनी होती. कऱ्हा सोनगावला नीरेला मिळते आणि नीरा इंदापूर तालुक्यात नरसिंगपूरला भीमेला. या टापूत भोसल्यांची जहागीर होती, पुणे, सुपे, चाकण, इंदापूर अशी. इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे. मालोजींना भवानीचा दृष्टान्त झाला, पुरलेलं धन सापडलं, वंशात शककर्ता निपजेल असा आशीर्वाद मिळाला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती सविस्तर मिळते ती पुष्कळ नंतरच्या बखरींत, राज्य उभं राहिल्यावर लिहिलेल्या. मी तिला खोटेपणा म्हणणार नाही. मिळालेलं वैभव आधीपासून ठरलेलं होतं असं प्रत्येक राजघराण्याला सांगावं लागतं, आणि ऐकणाऱ्यालाही ते हवं असतं. मात्र राजाचा खरेपणा दैवी खुणेवर, ताटावर, शपथेवर ठरतो हे एकदा मान्य झालं की शपथ घेणाऱ्याच्या हाती मोठी सत्ता येते.

ताराबाईंनी ती वापरली. १७४९ च्या डिसेंबरात शाहू निपुत्रिक वारले. ताराबाईंनी आपला लपवून वाढवलेला नातू म्हणून रामराजांना पुढे आणलं, आणि सर्वांसमक्ष त्यांच्याबरोबर जेवून तो आपलाच असल्याची शपथ वाहिली. वर्षभरातच रामराजे सांगोल्याला पेशव्यांच्या बाजूने झुकले. तेव्हा १७५० च्या नोव्हेंबरात ताराबाईंनी त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकलं. पुढे दमाजी गायकवाडांची फौजही त्यांच्या हाकेला धावून आली. आणि १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबापुढे त्यांनी उलटी शपथ घेतली की हा माझा नातू नव्हे. जी कऱ्हा जेजुरीवरून वाहते तीच खाली बारामतीला येते. नाईकांच्या वाड्यात ही बातमी कशी पोचली असेल? सावकाराला हुंडीवरच्या सहीची किंमत कळते. एकाच माणसाबद्दल देवासमक्ष दोन शपथा झाल्यावर छत्रपतींच्या नावाची पत किती राहिली, हे त्यांनी नक्कीच ताडलं असेल.

त्यानंतर वस्त्रं साताऱ्याहूनच येत राहिली, पण कुणाला द्यायची हे पुण्यात ठरू लागलं. १७७३ मध्ये नारायणरावांच्या खुनानंतर ती रघुनाथरावांना मिळाली, आणि पुढच्या वर्षी पुरंदरावर जन्मलेल्या चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांनाही मिळाली. पुन्हा तीच कुजबुज सुरू झाली की मूल खरं की बदललेलं. बाळाच्या आई गंगाबाईंबरोबर पुरंदरावर इतर गरोदर स्त्रियाही नेल्या होत्या, ही वदंता ग्रँट डफनेही आपल्या इतिहासात नोंदवली आहे. रघुनाथरावांच्या पक्षाला अशी शंका सोयीची होती आणि मुंबईकर इंग्रजांना ती दारात चालत आलेली संधी वाटली. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला आणि इंग्रजांच्या मदतीच्या बदल्यात साष्टी नि वसई देण्याचं रघुनाथरावांनी कबूल केलं. सदाशिवरावभाऊंचा तोतया पकडला गेला तोही मुंबईच्या वाटेवर, तेव्हा त्याला रघूजी आंग्र्यांनी धरलं. हरलेल्या पक्षाच्या सगळ्या वाटा आता मुंबईकडे जात होत्या. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावांनी वसईला तहावर सही केली, तीही याच वाटेने जाऊन.

छत्रपतींच्या नावाने बोलायची ही विद्या इंग्रज आपल्याकडूनच शिकला आणि फेब्रुवारी १८१८ मध्ये त्याने ती आपल्यावर चालवली. तो प्रसंग नीट पाहण्यासारखा आहे. १० तारखेला साताऱ्याचा किल्ला पडला, आणि लगोलग एलफिन्स्टनचा जाहीरनामा निघाला. आशय असा, की बाजीरावांनी प्रजेला नागवलं आणि विश्वासघात केला, म्हणून त्यांचं राज्य जाईल. मात्र साताऱ्याच्या महाराजांसाठी मुलूख राखला जाईल आणि वतनं, इनामं, धर्म यांना धक्का लागणार नाही. आणि महाराज त्या दिवशी होते कुठे? बाजीरावांच्या छावणीत, त्यांच्याबरोबर पळत. हे महाराज, म्हणजे प्रतापसिंह, इंग्रजांच्या हाती लागले ते २० तारखेला आष्टीच्या लढाईत, जिथे बापू गोखले पडले. म्हणजे राजा हाती येण्याआधी त्याचं नाव वापरून झालं होतं. बाजीरावांनी महाराजांना बरोबर फरफटत नेलं तेही याच धास्तीने, पण कागद घोड्यापेक्षा जोरात धावला. सरदार आणि वतनदार एकेक करून घरी परतले. पेशवाई संपवणाऱ्या तोफांइतकंच श्रेय मी या कागदाला देतो.

१८१९ च्या तहाने महाराजांना नीरा आणि वारणा यांच्या दरम्यानचा मुलूख मिळाला. बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याला कंपनी सरकार आणि छत्रपती यांच्यातली सीमा रोज दिसू लागली. नीरेच्या अलीकडे कलेक्टर आणि पलीकडे महाराज. त्याच तहात अट होती की कंपनीच्या संमतीशिवाय महाराजांनी बाहेरच्या कुणाशी संधान बांधू नये. वीस वर्षांनी तीच अट फास झाली. गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि पदच्युत नागपूरकरांशी कारस्थान, कंपनीच्या शिपायांना फितवणं, असे आरोप ठेवून ५ सप्टेंबर १८३९ रोजी प्रतापसिंहांना गादीवरून काढलं आणि काशीला पाठवलं. पुरावा म्हणून दाखवलेली पत्रं बनावट आहेत असं महाराजांची बाजू शेवटपर्यंत म्हणत राहिली. ते मांडायला गेलेले रंगो बापूजी १८५३ पर्यंत लंडनमध्ये खेटे घालत होते, आणि महाराज तोवर काशीलाच १८४७ मध्ये वारले होते. परक्या हाताचा आरोप इथे परक्यानेच एतद्देशीय राजावर ठेवला, आणि तो पचला. या साऱ्या मागोव्यातला मला सर्वांत जाचणारा अन्याय हाच.

१८५९ मध्ये सत्तावनच्या उठावात पराभूत झालेले नानासाहेब पेशवे, दुसऱ्या बाजीरावांचे दत्तकपुत्र, नेपाळच्या तराईत उतरले. तिथे त्यांना भेटलं ते आपल्याच घराचं प्रतिबिंब. १८४६ च्या कोत हत्याकांडानंतर जंगबहादूर राणांनी सत्ता घेतली होती, राजा गादीवर आणि कारभार वंशपरंपरेने पंतप्रधानांच्या घरात. ते १०४ वर्षं चाललं. नोव्हेंबर १९५० मध्ये राजे त्रिभुवन काठमांडूच्या भारतीय दूतावासात शिरले, तेव्हा राणांनी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या तीन वर्षांच्या नातवाला गादीवर बसवलं. पुरंदरावरच्या चाळीस दिवसांच्या पेशव्याची आठवण व्हावी असा प्रसंग. दिल्लीने त्या मुलाला राजा मानलं नाही आणि त्रिभुवन परत आले. तो मुलगा ज्ञानेंद्र. जून २००१ च्या राजवाड्यातल्या हत्याकांडानंतर ते पुन्हा राजा झाले, तेव्हा तपासाचा अहवाल आला तरी गल्लोगल्ली वेगळंच बोललं जात होतं. २००८ मध्ये राजेशाही गेली.

९ मार्च २०२५ रोजी तेच ज्ञानेंद्र काठमांडूच्या विमानतळावर उतरले तेव्हा स्वागताला हजारोंची गर्दी होती, आणि गर्दीत योगी आदित्यनाथांचा फोटो झळकला. योगींच्या गोरखनाथ मठाचं ज्ञानेंद्रांच्या शाह घराण्याशी जुनं नातं आहे, त्यामुळे लगेच भारताच्या हाताची चर्चा पेटली. राजनिष्ठ म्हणाले, आम्हाला बदनाम करायला सरकारच्याच माणसांनी तो फोटो घुसवला. सरकारने ते नाकारलं. त्याच महिन्याच्या अखेरीस काठमांडूतल्या तिनकुनेला राजनिष्ठांच्या निदर्शनात हिंसा होऊन दोघे मेले. फोटो कुणाचा आणि कुणी आणला यावर जेवढं बोललं गेलं, तेवढं गावं ओस टाकून आखातात जाणाऱ्या मुलांविषयी आणि भ्रष्टाचाराला विटलेल्या लोकांविषयी बोललं गेलं नाही. सप्टेंबरात तेच तरुण रस्त्यावर आले, पंतप्रधान ओलींचं सरकार पडलं, आणि माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या. गादी रिकामीच राहिली.