विणणाऱ्याची कात्री

कल्याणाहून सह्याद्रीकडे दोन जुन्या वाटा जातात. एक मुरबाडवरून नाणेघाटास, दुसरी शहापूरवरून थळघाटास. हातमागाच्या कापडाचा उत्कर्ष पहिलीनें पाहिला, अपकर्ष दुसरीनें.

सातवाहनकाळीं नाणेघाटांतून देशावरचा माल कल्याण बंदरास उतरे. अलेक्झांड्रियाच्या कॉस्मसनें सहाव्या शतकांत लिहिलेल्या ग्रंथांत कल्याणहून परदेशीं जाणाऱ्या मालांत कापडाचीही गणना आहे. त्या कापडाचा धागा न् धागा हातानें कांतलेला असे.

या श्रमांचें माप काढतां येतें. दर इंचास ४० उभे व ४० आडवे धागे असें विरळ कापड धरलें, तरी एका चौरस वारास २,८८० वार सूत लागतें. तीन चौरस वारांच्या सदऱ्यास ८,६४० वार. १९२४ च्या बेळगांव अधिवेशनांत काँग्रेसनें सभासदत्वासाठीं दरमहा २,००० वार सूत ठरविलें होतें. त्या गतीनें एका सदऱ्याचें सूत कांतण्यासच चार महिन्यांहून अधिक काळ लागेल, विणाई निराळीच.

धोतर किंवा लुगडें मागावरून उतरलें कीं नेसतां येतें. अंगरखा मात्र बेतावा लागतो, आणि स्वतः विणलेल्या कापडावर कात्री चालविणें म्हणजे आपलेच श्रम तोडणें होय. म्हणून जुनी बेतणी काटकसरीची असे. अंगास व बाह्यांस पन्ह्याचे सरळ तुकडे. घेरासाठीं एकच पट्टी तिरकी कापून उलटसुलट जोडलेल्या दोन कळ्या. काखेंत लहानसा चौबगला. चिंधी जवळजवळ उरतच नसे.

पुढें १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईंत कापडगिरणी स्थापिली, आणि १८६१ सालीं आगगाडी शहापूर तालुक्यांतून कसाऱ्यापर्यंत पोंचली. गिरणीचें कापड रुंद व स्वस्त. तें कापतांना हात कचरण्याचें कारण उरलें नाहीं.

तरी १८७७ च्या दिल्ली दरबारांत पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी हातसुताच्या शुभ्र खादीच्या वेषांत उपस्थित राहिले. गांधीजींच्या खादीचळवळीस तेव्हां चाळीसांहून अधिक वर्षें अवकाश होता. त्या पोशाखांत स्वदेशीचा अभिमान होता, तसाच मोजून खर्चिलेल्या श्रमांचा हिशेबही होता. जुन्या कापडाचा तुकडाही वायां न घालवितां गोधडी शिवणाऱ्या हातांनीं तो हिशेब अद्याप सोडलेला नाहीं.