पंगतीत बसणारं पाऊल

मंडळी, टाचा न उचलता उकिडवं बसून पाहा बरं. जमलं, तर श्रेय घोट्याचं! हा सांधा पाऊल वर-खाली करतो. त्याच्या खालचा, टाचेच्या हाडाशी असलेला सांधा पाऊल आत-बाहेर कलवतो. शेताच्या बांधावरून चालताना आपण पडत नाही ते त्याच्यामुळे. एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात, पण त्यांची आठवण होते ती पाय गेल्यावरच.

१९६०च्या दशकात जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठींकडे असे पाय गमावलेले लोक येत. तेव्हाचं कृत्रिम पाऊल पाश्चात्त्य धाटणीचं होतं. टाचेला मऊ गादी, आत कडक लाकूड, आणि घोटा अगदी ताठ. बूट घालून सपाट रस्त्याने चालणाऱ्या, खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला ते पुरेसं होतं. पण आपल्याकडे? जेवायला मांडी, शौचाला उकिडवं, देवळात अनवाणी, शेतात चिखल... सेठींच्या लक्षात आलं की बरेच रुग्ण गावी परतल्यावर तो पाय टाकून देतात आणि पुन्हा कुबड्या घेतात.

उत्तर सापडलं ते रामचंद्र शर्मा या कारागिराच्या मदतीने. शाळेत फारसे न शिकलेले, पण हातात कसब असलेले हे 'मास्टरजी'. १९६८च्या सुमारास दोघांच्या खटपटीतून 'जयपूर फूट' आकाराला आलं. घोट्यापाशी लाकडाचा ठोकळा, टाचेत आणि चवड्यात स्पंजी रबर, वरून टायरसारख्या चिवट रबराचं कातडीच्या रंगाचं आवरण. टाचेतलं रबर सगळीकडे दबतं, त्यामुळे पाऊल वर वाकतं, कलतं, थोडं वळतंही. बूट लागत नाही आणि पाणी लागलं तरी बिघडत नाही.

सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी पेटंट घेतलं नाही, त्यामुळे हे पाऊल कुणालाही बनवता आलं. १९८६च्या 'नाचे मयूरी'मुळे ते घरोघरी पोचलं. त्यात स्वतः सुधा चंद्रनच जयपूर फूटवर नाचल्या होत्या. मास्टरजींचं नाव मात्र आजही फार थोड्यांना माहीत असतं.

मला यात सगळ्यात मोठा वाटतो तो सेठींचा प्रश्न. 'हा माणूस पुन्हा चालेल का?' एवढ्यावर ते थांबले नाहीत. तो घरच्यांच्या पंगतीत बसू शकेल का, हेही त्यांनी पाहिलं.