उरणाऱ्या यकृताची मोजदाद

यकृताच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया म्हटली की नवशिक्याची नजर आधी स्कॅनमधल्या गाठीवर जाते. गाठ केवढी, कुठे, कोणत्या रक्तवाहिनीला टेकली आहे, हे पाहावे लागतेच. पण पेशंट धडपणे घरी जाणार का, हे बऱ्याचदा मागे उरणाऱ्या यकृतावर ठरते. हा कर्करोग बहुधा हिपॅटायटिस, दारू किंवा चरबीमुळे आधीच सिऱ्होसिस झालेल्या यकृतात होतो. निरोगी यकृताचा पाचवा हिस्सा उरला तरी निभावते; सिऱ्होसिसमध्ये साधारण ४० टक्के राखावे लागते.

वॉर्डात रोज चालतो तो चाइल्ड-प्यू स्कोअर. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, प्रोथ्रॉम्बिन टाइम, जलोदर आणि यकृताच्या बिघाडाने येणारी गुंगी, एवढे पाहिले की झाले. मात्र प्यू आणि सहकाऱ्यांनी तो १९७३ साली मांडला, तो अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव होणाऱ्या रुग्णांसाठी. यकृत कापण्याशी त्याचा संबंध नव्हता. त्यामुळे ‘चाइल्ड ए’ म्हणजे सारे आलबेल, असे धरून चालू नये. ए गटातही यकृताची ताकद बरीच कमीजास्त असते.

तो फरक आयसीजी चाचणी दाखवते. किलोमागे अर्धा मिलिग्रॅम हिरवा रंग शिरेतून देतात. यकृत तो रक्तातून उचलते आणि जसाच्या तसा पित्तात सोडते. १५ मिनिटांनी रक्तात किती उरला, ते मोजायचे. जपानचे मासातोशी माकुउची यांनी आधी जलोदर, मग बिलिरुबिन आणि शेवटी आयसीजी असा क्रम लावला. पहिली दोन्ही उत्तरे ठीक असली आणि रंग १० टक्क्यांच्या आत असला, तर यकृताचा अख्खा उजवा भागही काढता येतो. २० ते २९ टक्के असला तर एकच खंड. ४० किंवा त्याहून जास्त असला तर गाठ तेवढी सोलून काढायची. यकृताला विचारून शस्त्रक्रियेचा आवाका ठरवणारी ही पद्धत मला आजही सर्वांत शिकवणारी वाटते. कावीळ असताना मात्र या आकड्यावर विसंबू नये. पित्तमार्ग अडला की रंगही अडतो.

आयसीजीची सोय सगळीकडे नसते. साधा रक्ततपासणीचा कागद मात्र प्रत्येक फायलीत असतो. प्लेटलेट एक लाखाच्या खाली आणि प्लीहा वाढलेली असेल, तर पोर्टल शिरेतला दाब वाढल्याचा संशय घ्यावा. पुढची प्रकरणे वाचताना आपल्या वॉर्डातली एखादी फाइल शेजारी ठेवा आणि आधी प्लेटलेटचा आकडा शोधा.