देव नाही अशी जागा, टाकाऊ आहे अशी वस्तू

तेरावं शतक सरत आलं आहे. देवगिरीवर यादवांची सत्ता आहे आणि तुम्ही औंढ्याला, नागनाथाच्या देवळात. अरुंद पायऱ्या वाकून उतरता आणि तळघरातल्या गाभाऱ्यात पोचता. अंधाराला डोळे सरावतात तेव्हा दिसतं, एक म्हातारा चक्क पिंडीवर पाय टाकून निजला आहे. जवळच्याच नरसीचा तरुण नामदेव त्याच्यावर संतापलाय. तो म्हातारा, म्हणजे विसोबा खेचर, शांतपणे सांगतो, देव नसेल तिथे ठेव माझे पाय. नामदेव पाय उचलून बाजूला ठेवतो, तर तिथे पिंड. पुन्हा हलवतो, तिथेही पिंड. आख्यायिकेतल्या या क्षणी तुमच्यासमोर एका माणसाची नजर बदलते आहे.

आता तीच बदललेली नजर घेऊन साडेसहाशे वर्षं ओलांडा. १९४२, जर्मन फौजांच्या ताब्यातलं पॅरिस. पिकासोच्या हाती जुन्या सायकलचं सीट आणि हँडल आहे. सीट उभं धरून त्यावर तो हँडल बसवतो आणि बैलाचं तोंड, शिंगं तुमच्याकडे बघू लागतात. सीट सीटच राहिलंय, तरी बैल पुसता येत नाही.

१९७६, चंदीगड. नवं शहर वसवताना मोडलेल्या गावांचा राडारोडा, फुटक्या कपबश्या, बांगड्यांचे तुकडे. सरकारी रस्तेखात्यात नोकरी करणाऱ्या नेकचंद यांनी वर्षानुवर्षं गुपचूप जमवलेल्या या ऐवजातून उभ्या राहिलेल्या माणसांच्या, प्राण्यांच्या रांगांमधून तुम्ही चालता. हे त्यांचं रॉक गार्डन आता सर्वांना खुलं झालंय.

आणि आज, पुन्हा औंढ्याचाच हिंगोली जिल्हा. भंगाराच्या ढिगात बैलगाडीची धाव, कुळवाची झिजलेली फास, सायकलची चेन, हळद शिजवून तळ गेलेली कढई. फास उचला. वर्षानुवर्षं माती कापून तिला आलेली धार आणि बाक कुठल्याच कारखान्यात मिळत नाही. ती पक्ष्याचा पंख होऊ शकते. धाव वाकवली की मोराची मान. भंगारातून शिल्प घडवणारा शिल्पकार सगळा गंज खरवडून टाकत नाही, कारण वस्तूचं आयुष्य त्यातच लिहिलेलं असतं. तो तुकडे जुळवून बघतो, फिरवतो, पुन्हा जुळवतो आणि जमलं की वेल्डिंगचा टाका मारतो.

हा टाका मारणारे हात आपल्या गावोगावी आहेत. दिवसभर फाटकं आणि ट्रॉल्या जोडणाऱ्या त्या कारागिराने कधीतरी गिऱ्हाइकाने न सांगितलेलं काही घडवावं आणि गावाने ते चावडीसमोर मानाने उभं करावं, एवढंच मागणं आहे.