साधा दूरचित्रवाणी संच

साधा दूरचित्रवाणी संच म्हणजे आंतरजालाशी (इंटरनेटशी) जोडणी, ॲप आणि स्वतंत्र संचालन प्रणाली नसलेला दूरचित्रवाणी संच. स्मार्ट टीव्हीचा प्रसार झाल्यानंतर अशा संचांसाठी ही संज्ञा रूढ झाली. बाजारात आता प्रामुख्याने लहान आकाराचे साधे संच आढळतात.

पार्श्वभूमी

स्मार्ट टीव्हीच्या उत्पादकांना संचाच्या विक्रीखेरीज जाहिराती आणि प्रेक्षकांविषयीच्या माहितीतूनही उत्पन्न मिळते. अनेक संचांमध्ये स्वयंचलित आशय ओळख हे तंत्र असते. पडद्यावरील चित्राचे वा ध्वनीचे नमुने घेऊन ते सर्व्हरवरील संग्रहाशी ताडले जातात व काय पाहिले जात आहे, हे ठरवले जाते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका विद्यापीठीय संशोधनात, सॅमसंग व एलजी यांचे संच एचडीएमआय केबलने जोडलेल्या संगणकाचा पडदा म्हणून वापरले जात असतानाही हे तंत्र कार्यरत राहत असल्याचे आढळले. सेटिंगमधून परवानगी नाकारल्यावर मात्र संबंधित सर्व्हरशी होणारा संपर्क थांबला.

कायदेशीर कारवाई

अमेरिकेत विझिओ या कंपनीने सुमारे १ कोटी १० लाख संचांवरून प्रेक्षकांच्या संमतीविना माहिती गोळा केल्याचा आरोप तेथील संघीय व्यापार आयोगाने व न्यू जर्सी राज्याने केला. आधीच विकलेल्या संचांतही ही सुविधा दूरस्थपणे बसवण्यात आल्याचे आयोगाचे म्हणणे होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनीने २२ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

भारतात अँड्रॉइड टीव्हीवर गूगलची ॲप एकत्रितपणे आधीपासून बसवण्याच्या अटीविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार झाली. एप्रिल २०२५ मध्ये आयोगाने २०.२४ कोटी रुपयांची तडजोड मान्य केली. त्यानुसार प्ले स्टोअर व प्ले सर्व्हिसेस यांचा परवाना उत्पादकांना स्वतंत्रपणे देणे गूगलने स्वीकारले.

पर्याय

- संगणकाचा मॉनिटर: यात ट्यूनर नसतो व ध्वनिवर्धक अनेकदा नसतात किंवा क्षीण असतात. केबल किंवा डीटीएचचा सेट-टॉप बॉक्स एचडीएमआयने जोडल्यास ट्यूनरची उणीव भासत नाही.
- व्यावसायिक प्रदर्शन पडदा: दुकाने व स्थानकांसाठी बनवलेला हा पडदा दीर्घकाळ सलग चालतो, मात्र त्याची किंमत अधिक असते. काही प्रतिमानांत संचालन प्रणाली अंतर्भूत असल्याने खरेदीपूर्वी तपशीलपत्रक पाहणे आवश्यक ठरते.
- जोडणीविना स्मार्ट टीव्ही: वाय-फायचा संकेतशब्द न दिल्यास संच बाहेर माहिती पाठवू शकत नाही. आवश्यक सुधारणा काही संचांमध्ये यूएसबीद्वारे करता येतात.

मर्यादा

साधा संच निवडल्याने गोपनीयतेचा प्रश्न पूर्णतः सुटत नाही. त्याला जोडलेली स्ट्रीमिंग स्टिक किंवा सेट-टॉप बॉक्सही वापराची माहिती गोळा करू शकतो. तथापि, असे बाह्य उपकरण जुने झाल्यावर संच न बदलता वेगळे बदलता येते. स्मार्ट टीव्हीत पॅनेल सुस्थितीत असतानाही सॉफ्टवेअरचे पाठबळ संपल्यास त्यावरील ॲप निरुपयोगी होऊ शकतात. संचाचा टिकाऊपणा मात्र पॅनेल, पार्श्वप्रकाश व वीजपुरवठा मंडल यांच्या दर्जावर, तसेच दुरुस्तीच्या उपलब्धतेवर अवलंबून असतो. संच साधा आहे एवढ्यानेच तो विश्वसनीय ठरत नाही.

हेही पाहा

- स्मार्ट टीव्ही
- माहितीची गोपनीयता
- एचडीएमआय