अल्लाबंद आणि सुरखाबांचं रण

बांध म्हटला की आम्हा इंजिनिअर मंडळींना नकाशे, माती-परीक्षण आणि वर्षानुवर्षांची खटपट आठवते. कच्छच्या रणात मात्र १६ जून १८१९ रोजी भूकंपाने जमीन उचलली आणि सुमारे ८० कि.मी. लांबीचा उंचवटा तयार झाला. लोकांनी त्याला नाव दिलं 'अल्लाबंद', देवाने घातलेला बांध. त्याच्या दक्षिणेची जमीन खचली आणि सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला. त्या परिसरातलं शकूर हे खारं सरोवर आज भारत-पाकिस्तान सीमेवर आहे.

सीमा ठरली ती १९६५च्या चकमकींनंतर. १९ फेब्रुवारी १९६८च्या लवाद निवाड्याने वादग्रस्त भागापैकी साधारण दशांश पाकिस्तानला गेला.

पक्ष्यांचा हिशेब मात्र वेगळाच! पाऊस चांगला झाला की मोठ्या रणात रोहित, म्हणजेच सुरखाब, चिखलाची शंकूसारखी घरटी बांधतात. १९४५ साली डॉ. सालिम अलींनी तिथे सुमारे ५ लाख पक्ष्यांचा अंदाज केला होता. घरट्यांभोवती उथळ पाणी हवं. ते लवकर आटलं तर कोल्ही पोचतात, चढलं तर अंडी बुडतात.

म्हणजे सगळा खेळ वीतभर पाण्याचा. निसर्गाच्या एका बांधाने इथला नकाशा बदलला, हे आपण पाहिलंच. मग रणात रस्ता किंवा भराव टाकताना पाण्याची वाट आधी तपासायला नको का?